प्रवेश शुल्क घ्यावे, पण कोणाकडून?

शिडाच्या बोटींच्या क्लबने नव्या सदस्याकडून एकरकमी प्रवेश शुल्क घ्यावे का, अशी चर्चा चालू आहे. शुल्क नसेल तर हौशे-नवशे-गवशे भरती होतात आणि एका हंगामात पांगतात, हा शुल्काच्या बाजूने मांडलेला मुद्दा खोटा नाही. पण पांगणाऱ्यांना शुल्क अडवते, हे मला पटत नाही. मुंबईत शिडाच्या बोटींचा हंगाम पावसाळा सोडून साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच असतो. पावसापूर्वी बोटी पाण्याबाहेर काढणे, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडणे, रंगकाम, उन्हाने विरलेल्या शिडांची शिवण, हा खर्च सदस्य कितीही असले तरी टळत नाही. तो वार्षिक वर्गणीतूनच भागला पाहिजे. एकदाच मिळणाऱ्या रकमेवर तो ढकलणारा क्लब, नवे सदस्य येणे थांबले की अडचणीत येतो.

चर्चेत न आलेली बाब म्हणजे बोटीवर लागणारी माणसे. रविवारी भरतीची वेळ साधून निघायचे असते आणि तिसरा गडी मिळाला नाही म्हणून चांगली तयार बोट नांगरावरच डुलत राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे. भरभक्कम रक्कम मोजून आलेल्याला बहुधा लगेच सुकाणू हवे असते. शिडाची दोरी ओढायला येतो तो विद्यार्थी किंवा नुकता नोकरीला लागलेला तरुण, आणि शुल्काचा आकडा पाहून परततो तोही नेमका तोच. त्यामुळे स्वतःची बोट आणून नांगरण्याची जागा व्यापणाऱ्याकडून प्रवेश शुल्क जरूर घ्यावे. दुसऱ्याच्या बोटीवर राबणाऱ्याला पहिली दोन वर्षे केवळ वर्गणीवर सामावून घ्यावे. त्याला मतदानाचा हक्क द्यावा की नाही, हा वाद वेगळा.