बीडीएसच्या (डेंटिस्टच्या पदवीच्या) जागा कमी करायला हव्यात, पटतंय का?

गोरेगावची_मावशी:
आमच्या एका गल्लीत सात डेंटल क्लिनिकं आहेत, काल मोजली. चपला शिवणारा एकच, त्याच्याकडे मात्र रांग! भाची बीडीएस होऊन दुसऱ्याच्या क्लिनिकात टक्केवारीवर बसते आणि पेशंटची वाट बघत मोबाइल चाळते. २०२१मध्ये सुप्रीम कोर्टात निघालं की देशात बीडीएसच्या सुमारे ७००० जागा रिकाम्या आहेत. उपाय काय, तर नीटचा कटऑफ १० पर्सेंटाइलनं खाली! सरकार तिथंच सांगत होतं की ६०८० माणसांमागे एक डेंटिस्ट आहे, निकष ७५००चा. मग नवी कॉलेजं हवीत कशाला?

फलाट_क्र_३:
मावशी, त्या सरासरीत तुमची गल्लीही आली आणि पालघरमधला आदिवासी मोखाडा तालुकाही. तिथं दोन वर्षं मास्तरकी केलीय. पोराची दाढ सुजली की बाप म्हणायचा, "उपटूनच टाका." रूट कॅनलला तीन-चार फेऱ्या, आणि दर फेरीला एक दिवसाची मजुरी बुडणार. डेंटिस्ट जास्त झालेत हे त्याला सांगून बघा.

अक्कलदाढ:
मी स्वतः डेंटिस्ट. दोघंही गरज आणि मागणी एकत्र करताय. गरज बघायची तर सकाळी मुंबई सेंट्रलला नायर डेंटलची ओपीडी बघा. मागणी म्हणजे खिशात पैसे असलेला पेशंट. मेडिक्लेमही साध्या दातांच्या कामाला सहसा हात वर करतो. मोखाड्यात खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह टाकला तर हप्ते कोण भरणार? तिथं पगारी पदच हवं. जागा वाढवून वा घटवून मोखाड्याला काडीचा फरक पडत नाही.

गोरेगावची_मावशी:
म्हणजे माझंच म्हणणं की!

अक्कलदाढ:
अर्धंच. इंटर्नशिप धरून पाच वर्षं लागतात. आज जागा कापल्या तर गल्लीतली गर्दी उद्या हटणार नाही, परिणाम पाच वर्षांनी दिसेल. तोवर आजचे साठीवाले कवळ्या मागायला लागतील (माझे वडील लागलेच आहेत, फुकटात). खासगीत रिकाम्या राहणाऱ्या जागा कापा, खुशाल. सरकारी कॉलेजांना हात लावू नका, गरिबाचे दात तिथंच बघितले जातात.

फलाट_क्र_३:
पद निघालं तर भाची जाईल का मोखाड्याला?

गोरेगावची_मावशी:
आत्ताच विचारलं. पगार वेळेवर आणि राहायला क्वार्टर मिळालं तर जाईन म्हणते. तिची आई नको म्हणतेय.