शब्दचर्चा : ‘समर ब्लॉकबस्टर’ला मराठीत काय म्हणावं?

खिडकीवाला

सुट्टीत सहकुटुंब बघायच्या इंग्रजी सिनेमांवर लेख लिहितोय. यंत्रमानव, परग्रहवासी, डायनोसॉर, भरपूर मोडतोड आणि शेवटी जग वाचलं, या जातीचे सिनेमे. अमेरिकेत यांना ‘समर ब्लॉकबस्टर’ म्हणतात. मराठीत काय म्हणू? ‘उन्हाळी गल्लाभरू विज्ञानपट’ असं लिहून पाहिलं आणि स्वतःलाच पुढे वाचवेना.

‘गल्लाभरू’ ही तर शिवी आहे, समीक्षकाने नाक मुरडून वापरायची. ‘विज्ञानपट’ म्हटलं की शाळेच्या सभागृहात पडदे ओढून दाखवलेला हिवतापाचा माहितीपट डोळ्यांपुढे येतो. आणि ‘उन्हाळी’बद्दल बोलायलाच नको.

तिसरी घंटा

उन्हाळी लागली असेल तर धण्याचं पाणी प्या. सिनेमा कशाला?

खडूमास्तर

थट्टा राहू द्या. आधी मूळ शब्द बघू. ‘ब्लॉकबस्टर’ हा लढाईतला शब्द. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदल जर्मन शहरांवर चार हजार पौंडांचे, म्हणजे सुमारे १८०० किलोचे बाँब टाकत असे. एका बाँबमध्ये चार रस्त्यांमधली अख्खी वस्ती भुईसपाट व्हावी, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला हे नाव दिलं. युद्ध चालू असतानाच अमेरिकेतल्या सिनेमाच्या जाहिरातींनी ते उचललं. तिकिटांची रांग वस्तीला वळसा घालून जाते म्हणून ब्लॉकबस्टर, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ऐकायला गोड आहे, पण ती मागाहून जुळवलेली.

आपल्याकडे ‘ब्लॉक’ म्हणजे स्वतंत्र संडास-बाथरूम असलेली जागा. ‘त्यांनी डोंबिवलीला ब्लॉक घेतला’ असं ज्या पिढीने म्हटलं, तिला ब्लॉकबस्टर हा बिल्डरच्या धंद्यातला शब्द वाटला तर दोष देऊ नये.

वऱ्हाडी पाहुणा

माझा आक्षेप ‘समर’वर. त्यांचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा एक नाही जी. स्पीलबर्गचा शार्क, म्हणजे ‘जॉज’ हा सिनेमा, अमेरिकेत २० जून १९७५ ला चारशेहून अधिक पडद्यांवर एकाच दिवशी झळकला, आणि तिथून उन्हाळा हा मोठ्या सिनेमांचा हंगाम झाला असं मानतात. ‘जुरासिक पार्क’ ११ जून १९९३. टर्मिनेटरचा दुसरा भाग ३ जुलै १९९१. जुलैत आमच्याकडे पेरण्या उरकायची घाई असते, पोरांच्या वह्यांना कव्हरं घालून झालेली असतात. त्याला उन्हाळी सिनेमा कोण म्हणेल?

आणि एक. तिकडे उन्हाळा सिनेमाला लाभला तो थंड हवेमुळे. पूर्वी उकाड्यात थिएटरं ओस पडत, काही तर बंदच ठेवत. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात अभियंते विलिस कॅरियर यांनी वातानुकूलन बसवलं, मग लोक गारव्यासाठी आत येऊ लागले. हे मात्र आम्हाला फोडून सांगावं लागत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिसावर असताना दुपारचा शो कोण कशासाठी बघतं ते मला ठाऊक आहे. कित्येकांना सिनेमाचं नाव आत गेल्यावर कळतं.

तिसरी घंटा

मग ‘सुट्टीतला सिनेमा’ म्हणा. आपल्याकडे एप्रिल-मे हा हंगाम हवामानाचा नाही, निकाल लागून शाळा सुरू होईपर्यंतचा आहे. पूर्वी तो बालनाट्यांचा होता. सुधा करमरकर, रत्नाकर मतकरी यांची नाटकं पाहायला मुंबई-पुण्याची मुलं सुट्टीतच जायची. चेटकीण, राक्षस, रंगमंचावरचा धूर, हे त्या वयाचे स्पेशल इफेक्ट्स. अलीकडे हॉलीवूडवालेही आपली सुट्टी साधतात. ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा ‘एंडगेम’ हा भाग २६ एप्रिल २०१९ ला आला, तेव्हा पोरं मोकळी होती आणि थिएटरं भरली होती. वास्तविक २००८ पासून आयपीएल आल्यामुळे हिंदी निर्माते त्या दिवसांत जपून पाऊल टाकतात.

खिडकीवाला

‘सुट्टीतला’ मंजूर. वऱ्हाडी पाहुणे, आभार.

आता माझं खरं दुखणं सांगतो. आपल्याकडे या सिनेमांच्या आनंदासाठी जे शब्द आहेत ते दोन प्रकारचे. एक हिशेबाचे : पैसा वसूल, गल्ला, तिकीटबारीवर धो धो. दुसरे माफीचे : टाइमपास, विरंगुळा, आणि सगळ्यांत लाडका वाक्प्रचार, ‘डोकं बाजूला ठेवून बघायचा’. आवडला हे सांगताना माणूस आधी स्वतःला वाचवून घेतो. गाणं ऐकून आल्यावर कोणी ‘कान बाजूला ठेवून ऐकलं’ म्हणत नाही.

‘जुरासिक पार्क’चंच घ्या. दोन तासांहून थोड्या जास्त लांबीच्या त्या सिनेमात डायनोसॉर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत. उरलेला वेळ दिग्दर्शक आपल्याला नियम शिकवत असतो. सगळ्या माद्याच जन्माला घातल्यात, म्हणजे प्रजनन होणार नाही. डीएनएतल्या गाळलेल्या जागा बेडकाच्या डीएनएने भरल्यात. काही बेडूक लिंग बदलतात. मग रानात अंडी सापडतात, आणि तिसऱ्या रांगेतला दहा वर्षांचा पोरगा मोठ्यांच्या आधी ‘अरे!’ म्हणतो. टायरॅनोसॉरसला फक्त हलणारं दिसतं, हा आणखी एक नियम. शास्त्रज्ञांना तो मान्य नाही, पण सिनेमाने तो पाळलाय. म्हणून तो प्राणी गाडीशी येतो तेव्हा पडद्यावरच्या माणसांबरोबर अख्खं थिएटर श्वास रोखून धरतं. डोकं बाजूला ठेवलेल्या माणसाला श्वास रोखता येणार नाही, कारण का रोखायचा हे त्याला कळलेलंच नसेल.

पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं आठवा. सिनेमा करणाऱ्यांना ती काही केल्या जमत नव्हती. शेवटी गिटारची तार खालून ताणून छेडली तेव्हा उठली. प्राणी अजून दिसलेला नाही, नुसतं पाणी थरथरतंय आणि लोक खुर्चीच्या कडेवर आलेत. याला ‘टाइमपास’ म्हणणं मला पटत नाही.

वाईट सिनेमे या जातीत ढिगाने निघतात हे कबूल. पण ते बघायला डोकं बाजूला ठेवावं लागतं म्हणून ते वाईट. चांगल्याला तेच प्रशस्तिपत्र कशाला?

शुद्धमती

थोडा विरोध. ‘डोकं बाजूला ठेवून’चा अर्थ बुद्धी गहाण टाकणं असा नाही. बोलण्यात तो ‘कुरकुर न करता’ असा येतो. नवरा शेजारी बसून ‘असं होऊच शकत नाही’ म्हणत असतो, त्याला सांगायचं वाक्य आहे ते. तुम्ही म्हणता त्या नियमांवर विश्वास ठेवायलाच तर तो माणूस तयार नसतो.

खिडकीवाला

हा अर्थ छापायला हरकत नाही. पण परीक्षणांत तो असा येत नाही. तिथे तो उपकार केल्यासारखा येतो.

खडूमास्तर

जातिवाचक शब्दाकडे वळू. ‘मारधाडपट’ इथे लागू नाही, तुमच्या उदाहरणात मारधाड नाहीच, पळापळ आहे. ‘स्टंटपट’ जुना शब्द, पण त्याला घोडा आणि तलवार चिकटलेली. ‘विज्ञानकथा’ मराठीत रुळला तो साहित्यात. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपण नावाने कथा पाठवली, तिथपासून आपल्या वाचकाला विज्ञानकथा म्हणजे विज्ञान चोख असलेली कथा असं वळण लागलं. त्या मापाने हे सिनेमे नापास होतात. ‘विज्ञान काल्पनिका’ काहीजण लिहितात, पण बोलताना तो कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. ‘सायफाय’ मात्र रिक्षावाल्यालाही कळतो.

माझी सूचना : ‘अद्भुतपट’. रसशास्त्रात अद्भुताचा स्थायीभाव विस्मय. तुम्ही श्वास रोखता तो भयानकाचा, पण पहिला अजस्र प्राणी झाडाचा शेंडा खाताना दिसतो तेव्हा तोंड उघडं पडतं, तो विस्मय. शिवाय हे आपल्याला नवं नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ ला, ऐन उन्हाळ्यात. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मारुती उडतो आणि लंका पेटते. ट्रिकसीन आणि मोडतोड, दोन्ही आलं की नाही?

तिसरी घंटा

‘अद्भुतपट’ म्हटलं की मला अल्लादिन आणि उडती सतरंजी दिसते. यंत्रमानव दिसत नाही.

वऱ्हाडी पाहुणा

मला चालेल. फक्त एक सुधारणा : टायरॅनोसॉरस जुरासिक काळातला नाही. जुरासिक संपला साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी, आणि हा गडी दिसतो सहा-सात कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशियसच्या अखेरीला. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते, तीही क्रेटेशियसचीच. तरी जुन्या मोबाइलला लोक ‘जुरासिक काळातला’ म्हणतात. सिनेमाने मराठीला दिलेला वाक्प्रचार आहे हा, बदलणार नाही आता. १९९४ मध्ये हिंदीत येऊन तो सिनेमा लहान गावांत पोचला नसता तर हा शब्द भूगर्भशास्त्राच्या पुस्तकातच राहिला असता.

शुद्धमती

अगदी. आणि त्याच हिंदी आवृत्तीमुळे निम्मा महाराष्ट्र ‘डायनासोर’ म्हणतो. मराठीत ‘डायनोसॉर’ लिहावं. अनेकवचनही ‘डायनोसॉर’च, ‘डायनोसॉर्स’ नको.

खिडकीवाला

लेखात असं करतोय : शीर्षकात ‘सुट्टीतले अद्भुतपट’, पहिल्या परिच्छेदात एकदा ‘ज्यांना सायफाय म्हणतात ते’, म्हणजे सतरंजीची शंका फिटेल. ‘ब्लॉकबस्टर’ जसाच्या तसा ठेवतो, पण फक्त कमाईबद्दल बोलताना. ‘गल्लाभरू’ ज्यांना तो लागू आहे त्यांच्यासाठी राखून ठेवलाय, यादी मोठी आहे.

‘पळापळपट’ मास्तरांनी सहज सुचवला, पण तो मला फार आवडलाय. संपादकांनी ठेवला तर ठेवला.

खडूमास्तर

मी सुचवलेला नाही. ‘पळापळ आहे’ एवढंच म्हटलं. ‘पट’ तुमचा.