फणसाचा चीक आणि रॉकेलचा बोळा

जास्वंद
"चीक केसांना लागल्यास रॉकेलचा बोळा फिरवावा, दोन मिनिटांत केस मोकळे होतात," असे काल येथे कुणी ठामपणे लिहिले, म्हणून हे सविस्तर उत्तर. गेल्या मे महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने आजोळी फणसाच्या देठाशी खेळून चिकाचे हात केसांतून फिरवले. एका पाहुण्यांनी साबणाने डोके धुवायला लावले. चीक पाण्याने सुटत नाही, त्यामुळे तो पसरून केसांची जट झाली. मग दुसऱ्यांनी रॉकेल आणले. ते कानामागे ओघळले आणि कातडी लाल होऊन सोलली. अखेर माझ्या आईने खोबरेल घेऊन, एकेक बट चिमटीत धरून, दोन तासांत जट सोडवली.

कोयतेवाला
आमच्या राजापुराकडे तीन पिढ्या रॉकेलनेच चीक काढत आल्या आहेत. फणस फोडण्यापूर्वी हातांना व पात्याला तेल लावावे, चीक काटकीवर गुंडाळून घ्यावा, एवढेही ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मुलांना फणसाजवळ बसवूच नये.

जास्वंद
तेल लावूनच फणस फोडला होता. मुलगी बाजूला पडलेल्या देठाशी खेळत होती. कोयत्याचे पाते आणि मुलाची टाळू तुम्हाला सारखीच वाटते का?

आठळी
चिकापेक्षा सल्ल्यांचाच त्रास मोठा असतो. माझ्या मुलाच्या हातावर गरम दूध सांडले, मी त्याचा हात नळाखाली धरला, तर नात्यातल्या एका बाईंनी तो ओढून त्यावर टूथपेस्ट थापली. डॉक्टरांना ती भाजल्या कातडीवरून काढावी लागली. तेव्हाचे त्याचे ओरडणे मी विसरलेले नाही. घरात चारचौघे जमले की मुलाच्या आईला कुणी विचारतच नाही.

कोयतेवाला
टूथपेस्टचा येथे काय संबंध? वडीलधाऱ्यांना अडाणी ठरवण्याची घाई झाली आहे सर्वांना. खोबरेल लावणारी आजीच होती, हे विसरू नका.

आठळी
आजीला कुणीही अडाणी म्हटलेले नाही. जिला माहीत होते, तिला सर्वांत शेवटी विचारले गेले, हीच माझी तक्रार आहे.

कोयतेवाला
ठीक आहे. मुलांच्या डोक्याला रॉकेल लावू नये, एवढे मान्य करतो, कारण ते तोंडात जाऊन फुफ्फुसात उतरले तर काय होते, हे मी शेजारच्या घरी पाहिले आहे. कोयत्याला मात्र मी तेच लावणार, आणि बाटली गोठ्यातल्या वरच्या फळीवरच ठेवतो.