एसवाय बीए सोशिऑलॉजी: 60 तासांचं फील्डवर्क ऊसतोडीच्या गावात करू का?

मीनल_एसवाय
नमस्कार, मी पुण्यात शिकते, सोशिऑलॉजी मेजर. एनईपीमुळे (नवीन शैक्षणिक धोरण) आम्हाला फील्ड प्रोजेक्ट लागलाय, 2 क्रेडिट म्हणजे 60 तास, वर डायरी, रिपोर्ट आणि जिथे जाऊ तिथला सही-शिक्का. अर्धा वर्ग वृद्धाश्रमात चाललाय कारण तिथे पत्र पटकन मिळतं म्हणे. माझं आजोळ बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुका, ऊसतोडीचं गाव, तर दिवाळीनंतर आठ-दहा दिवस मामाकडे राहून तास तिथेच उरकावेत असं डोक्यात आहे. बायकांच्या आरोग्यावर 45 प्रश्नांची प्रश्नावली केलीय, सॅम्पल 50. सरांना अजून दाखवली नाहीये. चालेल का?

बिनशिक्क्याचा
दिवाळीनंतर?? अगं तेव्हा गावात असेल कोण, दसरा झाला की टोळ्या ऊस तोडायला बाहेर हलायला लागतात, ते थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं सोडून तुला 50 बायका सापडणार कुठून. मी पण माझ्या वेळी असाच शहाणपणा केलेला, चार दिवस कुलपं मोजत फिरलो आणि शेवटी पारावरच्या आजोबांशी गप्पा मारल्या. खरं सांगायचं तर रिपोर्टमध्ये वाचण्यासारखं तेवढंच होतं.

कोयत्याचं_पोर
ताई राग मानू नका पण बोलतो. माझे आईबाप एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन जायचे आणि मी आजीपाशी. 2019 ला तोडीवरच्या बायकांची गर्भाशयाची पिशवी काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून आमच्याकडं कॅमेरेवाले, संस्थावाले, कॉलेजवाले सगळे येऊन गेले. माझ्या चुलतीला एकाच हिवाळ्यात तिघींनी तोच प्रश्न विचारला, पिशवी काढली का, किती वर्षांच्या होतात. फॉर्म नेला तो नेलाच, परत तोंड दाखवायला कोणी आलं नाही. तुम्ही मामाच्या घरातल्या म्हणून बायका बोलतीलही, पण नाही म्हणायची सोय राहत नाही त्यांना, हे लक्षात घ्या. जायचंच असेल तर हंगामी वसतिगृहात जा, आईबाप तोडीला गेलेली पोरं तिथं जेवतात. संध्याकाळी त्यांचा अभ्यास घ्या, प्रश्नावली बॅगेतच राहू द्या.

मास्तर_पुणे
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक भर. सलग दहा दिवसांत 60 तास कोंबण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर शनिवारी 5 तास असे 12 आठवडे जा. पहिले तीन शनिवार लोक तुला पाहुणी समजून चहा पाजतात, माहिती येते ती चौथ्यापासून, जेव्हा कोणी म्हणतं की आलीसच तर हे जरा धर. मामाचं गाव दर आठवड्याला परवडणार नसेल तर पुण्यातच कचरावेचक बायकांसोबत कर. त्यांच्यातली बरीच कुटुंबं 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातूनच आलेली, म्हणजे विषय सुटत नाही. आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना, जी 1993 मध्ये उभी राहिली, तिची सुरुवातही एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून झाली, शिकवायला गेलेल्या बायका त्यांच्याबरोबर कचरा वेचायला गेल्या तेव्हा. सकाळी सातला पोचावं लागेल, तेवढं बघ. आणि आरोग्याचे प्रश्न सरांना दाखवल्याशिवाय कुठेही काढू नकोस, प्लीज.

बिनशिक्क्याचा
डायरीचे रोज रात्री फोटो काढून ठेव गं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या रामपुरा गावातल्या फील्डवर्कच्या नोट्स 1970 मध्ये स्टॅनफर्डला जळाल्या, त्यांनी नंतर आठवणीतून लिहून काढलं, आपल्याला ते जमणारे का 😅 माझी तर एसटीत राहिली होती.

मीनल_एसवाय
ओके, प्रश्नावली डिलीट नाही करत पण बाजूला ठेवली. आईला फोन केला तर ती म्हणाली मामींनी स्वतः चार हंगाम तोड केलीय, मला हे आज कळतंय, इतकी वर्षं सुट्टीत जाऊन मी आंबेच खात होते. मामींशी बोलेन पण ते रिपोर्टमध्ये नाही टाकणार. शनिवारचं पुण्यातच जमवते. @मास्तर_पुणे सर, 12 पैकी दोन शनिवार परीक्षेत जातायत, ते रविवारी भरून काढले तर चालतं का, की रविवारी त्यांची सुट्टी असते?

मास्तर_पुणे
ते मला नको, त्यांनाच विचार. पहिल्या शनिवारचा पहिला प्रश्न तोच ठेव.