रांगतं बाळ आणि जोडीला अडीच वर्षांचं थोरलं: घर कसं लावलंत?

एकटं रांगतं मूल असेल तर जमिनीपासून दोन फुटांपर्यंतचं घर आवरलं की पुष्कळ भागतं. थोरलं दोन-तीन वर्षांचं असलं की ते पुरत नाही. त्याला कडी काढता येते, खुर्ची ओढता येते आणि बाळाला प्रेमाने शेंगदाणा भरवता येतो. घरी चाललेले उपाय मापांसकट लिहा.

कोथरूडहून
प्लेपेनमध्ये (खेळायच्या छोट्या कुंपणात) बाळाला नको, थोरल्याला बसवा! मणी, ब्लॉक, तुळशीबागेतली भातुकली घेऊन तो आत, बाळ बाहेर मोकळं. खेळ मोडला जात नाही, त्यामुळे ढकलाढकलीही कमी होते. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून (व्यास साधारण ४ सेंमी) जे आरपार जातं ते बाळाच्या घशात अडकू शकतं. भातुकलीतली बरीचशी भांडी जातात. खेळ संपला की नग मोजून फिरकीच्या झाकणाच्या डब्यात. शेंगदाणे-फुटाणे थोरल्यालाही अख्खे देऊ नका, कूट करून द्या.

सिंहगड रस्त्याहून
पाण्याबद्दल लिहायलाच हवं. गुरुवारी पाणी बंद असलं की आदल्या रात्री पिंपं-बादल्या भरून ठेवतो आपण. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड. वाकलं की तोल पुढे जातो आणि परत वर येता येत नाही, मग तळाशी चार-पाच सेंमी पाणी असलं तरी जीव जाऊ शकतो. साठा घट्ट झाकणाच्या पिंपात करा, रिकामी बादली उपडी ठेवा. बाथरूमच्या दाराला बाहेरून, साडेचार फुटांवर टॉवर बोल्ट बसवा. खालची कडी थोरलं काढतं आणि बाळ मागोमाग आत शिरतं. आतल्या बाजूची खालची कडी मात्र काढूनच टाका. दोघं आत आणि कडी लागलेली, ही वेळ यायला नको.

सदाशिव पेठेतून
जुन्या घरात जिन्याचं फाटक हा मोठा प्रश्न. वरच्या तोंडाशी दाबून बसवायचं फाटक चालत नाही: थोरलं लोंबकळलं की निसटतं, शिवाय त्याच्या खालच्या पट्टीला मोठ्यांचा पाय अडखळतो. स्क्रूचंच हवं. मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, म्हणून लाकडी चौकटीला किंवा खांबाला ठोका. कठड्याच्या दोन गजांत १० सेंमीपेक्षा जास्त फट असेल तर जाळी बांधा. समई-निरांजन चार फुटांच्या वर.

वारज्याहून
कपाटाला एल-क्लॅम्प लावून भिंतीत पक्कं करा. थोरलं खालचे खण ओढून पायऱ्या करतं, उघड्या खणांनी वजन पुढे येतं आणि कपाट पुढ्यात बसलेल्या बाळावर कोसळू शकतं. वॉकर घेऊ नका. कॅनडात त्यावर २००४ पासून बंदी आहे. बाळ त्यात सेकंदात जिन्यापर्यंत पोचतं, आणि थोरलं मागून ढकलतंही.

औंधहून
रिमोट आणि खेळण्यांतल्या चपट्या बटण-सेलचं झाकण स्क्रूचंच असावं. सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता तडक एक्स-रेची सोय असलेल्या इस्पितळात जा.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकून त्याला रडता-खोकता येईना, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेखाली, दोन बोटांनी ५ दाब. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने करत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. वर्षावरच्या मुलाची रीत वेगळी: पाठीवर थापा, मग बेंबीच्या वर पोटावर दाब. एका घरात दोन्ही वयांची मुलं, म्हणून दोन्ही रीती आजी-आजोबांना आणि सांभाळणाऱ्या ताईंना बाहुलीवर करून दाखवा.

कोथरूडहून
औंधकर, त्यात भाजण्याचंही जोडते. कातडी भाजली तर तो भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको.