मदत हवी आहे: मुलाखतीत ‘प्रवासाची तयारी आहे का?’ याला नेमकं काय सांगावं? (फील्ड सर्व्हिस, कोल्हापूर आणि तळकोकण)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

येत्या गुरुवारी पुण्यात माझ्या मुलाखतीची दुसरी फेरी आहे. बाकी तयारी झाली आहे, एका प्रश्नाशी अडले आहे.

शिक्षण बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं. आतापर्यंतची सगळी नोकरी मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात झाली. तिथे मशीन बिघडलं की फार तर दोन मजले चढून जायचं. आता अर्ज केलाय तो फील्ड सर्व्हिस इंजिनिअर या पदासाठी. डायलिसिस मशीन आणि व्हेंटिलेटर. भाग कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग.

अर्जात एक रकाना होता: ‘प्रवासाची तयारी: होय / नाही, अपेक्षित प्रमाण 60 टक्के.’ मी होयवर खूण केली. फोनवरच्या पहिल्या फेरीत एचआरच्या मॅडमनी विचारलं, ‘ट्रॅव्हलिंगचा काही प्रॉब्लेम नाही ना?’ मी नाही म्हटलं आणि विषय तिथेच संपला. पण गुरुवारी समोर सर्व्हिस मॅनेजर असणार. ते एवढ्यावर सोडणार नाहीत.

घरची परिस्थिती सांगते. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी पाच वर्षांची, सासूबाई आमच्याबरोबर असतात. दोघांचा मनापासून पाठिंबा आहे. मी मुक्कामाला बाहेर राहिले तर घर चालतं. अडचण एकाच वेळी येते. नवऱ्याला निवडणुकीची ड्यूटी लागते तेव्हा मतदानाची आदली रात्र तो केंद्रावर असतो आणि दुसऱ्या दिवशी पेट्या जमा करून घरी यायला मध्यरात्र होते. सासूबाईंचे गुडघे पार गेलेत, रात्री एकट्यानं मुलीचं बघणं त्यांना झेपत नाही. तेवढ्या वेळी मला बाहेर मुक्काम नको. एरवी काही नाही.

ही नोकरी मला मनापासून हवी आहे. आमच्याकडे डायलिसिसचं मशीन बंद पडलं आणि बिघाड आमच्या हाताबाहेरचा असला की कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघत बसावं लागायचं. एकेका पेशंटला चार तास लागतात, आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं. जत-आटपाडीहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाला ‘आज नाही, उद्या या’ असं मी सांगितलेलं आहे. म्हणून तो इंजिनिअर वेळेवर पोचणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

तर विचारायचं ते असं. हे 60 टक्के म्हणजे नक्की काय धरायचं? निवडणुकीची अडचण मुलाखतीतच सांगावी की ऑफर आल्यावर? आणि ‘घरी लहान मूल आहे, मग कसं जमणार?’ हे विचारतीलच, तेव्हा न चिडता, न बावचळता काय बोलावं? ज्यांनी फिरतीच्या नोकऱ्या केल्यात किंवा अशा मुलाखती घेतल्यात त्यांनी कृपया लिहा.

टूरप्रोग्राम

ताई, मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, सांगली भाग. तुमचं क्षेत्र वेगळं, पण फिरतीचा हिशोब सगळीकडे सारखाच.

टक्क्यांवरून काहीच कळत नाही. महिन्याचे कामाचे दिवस 25 धरले तर 60 टक्के म्हणजे 15 दिवस. हे 15 दिवस इचलकरंजी, जयसिंगपूर, कऱ्हाड असे असतील तर तुम्ही रोज रात्री घरी जेवायला आहात. तेच 15 दिवस सावंतवाडी, कणकवली, चिपळूण असे असतील तर अर्धा महिना लॉजवर. टक्के तेच, आयुष्य वेगळं. आमच्याकडे याचे तीन भाग असतात: एचक्यू म्हणजे मुख्यालयातलं काम, एक्स-स्टेशन म्हणजे जाऊन त्याच दिवशी परत, आणि आउटस्टेशन म्हणजे मुक्काम. तिन्हींचा डीए, म्हणजे रोजचा भत्ता, वेगळा. तेव्हा विचारायचं ते टक्के नाही, ‘महिन्यात साधारण किती रात्री मुक्काम पडतो?’ हे विचारा.

दुसरं, तुमचं मुख्यालय कुठलं धरणार ते बघा. तुम्ही मिरजेत राहता. नेमणूकपत्रात मुख्यालय कोल्हापूर लिहिलं तर रोजचा मिरज-कोल्हापूर जाण्यायेण्याचा शंभर किलोमीटरचा खर्च तुमच्या खिशातून जाईल, कारण घर ते मुख्यालय हा प्रवास कंपनी धरत नाही. मुख्यालय मिरज किंवा सांगली असेल तर कोल्हापूरची खेप एक्स-स्टेशन होते. माझ्या माहितीतल्या कितीतरी पोरांना हे पहिल्या महिन्याचं एक्स्पेन्स स्टेटमेंट भरताना कळलं.

गावाकडचा

एवढा विचार कशाला? हो म्हणून टाका, ऑफर हातात आल्यावर बघू काय ते. सगळे असंच करतात.

स्पॅनर

वरच्या सल्ल्याशी असहमत. मी दुसऱ्या प्रकारच्या वैद्यकीय उपकरणांच्या सर्व्हिसमध्ये आहे आणि अशा मुलाखती घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘होय सर, काहीच अडचण नाही’ हे उत्तर प्रत्येक उमेदवार देतो. त्यातून मला काही कळत नाही, म्हणून मी लगेच प्रसंग घालतो. ‘दुपारचे चार वाजलेत. तुम्ही सांगलीत आहात. सावंतवाडीहून फोन आलाय, मशीन बंद, उद्या सकाळी सातला पेशंट लागणार आहेत. काय कराल?’

बरेच जण म्हणतात, ‘लगेच निघेन.’ ऐकायला छान, पण मला ते नको असतं. जो आधी उलट प्रश्न विचारतो तो माणूस कामाचा. स्क्रीनवर एरर काय आहे? एकच मशीन बंद आहे की सगळी? सगळी असतील तर आरओचं पाणी, म्हणजे मशीनना लागणारं शुद्ध केलेलं पाणी, बघितलं का? युनिटमध्ये राखीव मशीन आहे का? तिथल्या टेक्निशियनला व्हिडिओ कॉलवर घेऊन काय काय तपासता येईल? पार्ट लागणार असेल तर तो माझ्याकडे आहे, कोल्हापूरला आहे की पुण्याहून मागवावा लागेल? पार्टच पुण्यात असेल तर रात्री आंबोली उतरून रिकाम्या हातानं सावंतवाडीला पोचण्यात अर्थ नाही. हे सगळं झाल्यावर ‘आता निघते, रात्री तिथे मुक्काम करते, सकाळी सहाला युनिटमध्ये असेन’ असं कुणी म्हटलं की माझा निर्णय झालेला असतो.

ताई, तुम्ही मशीनच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिलेल्या आहात. जत-आटपाडीचं जे वर लिहिलंत ते तिथे याच शब्दांत सांगा. प्रवास कशासाठी करायचा हे ज्याला माहीत आहे त्याला ‘प्रवास कराल का’ हे मी दोनदा विचारत नाही.

तुमचा भाग मला माहीत आहे म्हणून आणखी एक. पावसाळ्याची तयारी करून जा. घाटाखाली उतरायला आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली एवढे रस्ते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यातला कधी कुठला दरडीनं बंद होईल सांगता येत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ पाणी आल्यावर पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. तेव्हा कोल्हापूर एकीकडे आणि सांगली दुसरीकडे अशी गत झाली. मी उमेदवाराला विचारतो, ‘अशा वेळी काय?’ चांगलं उत्तर असं: सिंधुदुर्ग-रत्नागिरीची नियमित देखभाल, म्हणजे पीएम, मे महिन्यातच उरकून घेईन, नेहमी लागणारे पार्ट पावसाआधी घाटाखाली नेऊन ठेवायची परवानगी मागेन. एवढं बोललात तर कोकण तुम्हाला नकाशावर दिसतंय हे समोरच्याला कळेल.

निवडणुकीचं मुलाखतीतच सांगा. पण कबुलीजबाब दिल्यासारखं नको, नियोजनाची बाब म्हणून सांगा. त्या तारखा कळल्या की तुम्ही आधी कळवू शकता, हे मॅनेजरच्या दृष्टीनं सोपं प्रकरण आहे. ऐन वेळी फोन बंद ठेवणारा इंजिनिअर मला जड जातो, तारीख आधी सांगणारा नाही. आणि ‘गावाकडचा’ यांना एवढंच म्हणेन की हो म्हणून घुसलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात सोडून जातो, आणि पुढचा माणूस मिळून तयार होईपर्यंत त्या भागातल्या पेशंटचे हाल होतात. ते मी बघितलंय.

खतावणी

मी ऑडिटमध्ये, नागपूरची. एप्रिलचा पहिला पंधरवडा बँकांच्या शाखांत जातो, कधी गडचिरोली, कधी गोंदिया. लहान मूल असताना हे सगळं केलंय, म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. (‘अगं’ म्हटलं तर चालेल ना?)

‘मूल लहान आहे, कसं जमणार?’ हा प्रश्न त्याच खुर्चीवर बसलेल्या पुरुषाला विचारत नाहीत, याचा मला आजही राग येतो, आणि तो येणं योग्यच आहे. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला 1976 च्या समान वेतन कायद्यानंच मनाई केली होती, तीच तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आहे. पण मुलाखतीच्या टेबलावर कायदा काढून उपयोग होत नाही, तेव्हा घरातल्या माणसांची यादी न देता कामावर बोल. सासूबाई, नवरा, शेजारीण, कोण किती वाजता काय करतं हे सांगत बसलीस की प्रश्न तुझ्या घराभोवती फिरत राहतो. एक वाक्य पुरे: ‘घरची व्यवस्था पक्की आहे, अर्ज करतानाच तो विचार केलाय.’ पुढे लगेच आपण प्रश्न विचारायचा: ‘या भागात ब्रेकडाउन कॉल जास्त असतात की ठरलेली देखभाल?’ गाडी कामावर येते.

निवडणुकीचं मात्र सांग, स्पॅनर म्हणतात तसं. ते घराचं रडगाणं होत नाही, तो तारखांचा प्रश्न आहे.

मुक्कामाबद्दल तू स्वतः विचार, संकोच करू नकोस. लॉज कोण ठरवतं? रोजची मर्यादा किती, आणि त्या रकमेत कणकवली-रत्नागिरीत बाईमाणसाला एकटीनं निर्धास्त राहता येईल अशी खोली मिळते का? पैसे आगाऊ मिळतात की आधी स्वतःचे घालायचे? एका जुन्या नोकरीत माझी प्रवासाची बिलं तीन-तीन महिने अडकायची, पगारातला मोठा भाग त्यात गुंतून पडायचा. रात्रीच्या कामाबद्दलही विचार. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षिततेची व जाण्यायेण्याची सोय मालकानं करायची असं आहे. फिरतीच्या माणसांना कंपनी हे कसं लागू करते ते एचआरकडून समजून घे. हे विचारणारी उमेदवार नखरेल वाटेल अशी भीती मलाही वाटायची. उलट जी खरंच जाणार आहे तीच हे विचारते.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. खतावणीताई, ‘अगं’च म्हणा.

गावाकडचा, तुमचा सल्ला आपुलकीनं दिलाय हे कळतं, पण माझ्या मागे पेशंट रांगेत असणार, त्यांना मी असं फसवू शकत नाही.

रात्री बसून उत्तर लिहून काढलं. वाचून सांगा:

‘हो, प्रवासाची तयारी आहे. घाटावरच्या दोन जिल्ह्यांत सकाळी जाऊन रात्री परत येता येईल, रत्नागिरी-सिंधुदुर्गला मुक्काम धरूनच नियोजन करावं लागेल. सलग तीन-चार दिवसांची फेरी लावून एका खेपेत जास्त युनिट करायला मला आवडेल. ब्रेकडाउन असेल तर आधी फोनवर निदान, मग पार्ट घेऊन निघायचं. निवडणुकीच्या काळात एक-दोन रात्री मला मुक्काम करता येणार नाही, तारखा कळल्या की लगेच कळवीन आणि त्या दिवसांत घाटावरचे कॉल घेईन. आपल्याकडे महिन्याला साधारण किती रात्री मुक्काम पडतो?’

एकच शंका उरली आहे. आमच्याकडे चारचाकी आहे, मला ती चांगली चालवता येते, घाटातही. हे आपणहून सांगावं का? टूलकिट, कंडक्टिव्हिटी मीटर, पार्ट हे सगळं एसटीनं न्यायचं म्हणजे कठीण आहे.

स्पॅनर

उत्तर उत्तम आहे. पाठ करून म्हणू नका, एवढंच. ‘घाटावरचे कॉल घेईन’ हे वाक्य तर अजिबात सोडू नका, तुमच्या जागी दुसरा माणूस खाली पाठवायची सोय तुम्ही स्वतःच करून देताय. गाडी चालवता येते हे जरूर सांगा.

टूरप्रोग्राम

चालवता येते हे सांगा, पण ‘माझी गाडी वापरीन’ हे आपणहून बोलू नका ताई. आधी कंपनी काय देते ते विचारा. स्वतःची गाडी वापरायची ठरली तर किलोमीटरचा दर, टोल, आणि घाटात गाडी बंद पडली तर खर्च कुणाचा, हे तिन्ही एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या. आणि विमा कंपनीला विचारून ठेवा की कामासाठी एवढी फिरवली तर पॉलिसी चालते का. गुरुवारी काय झालं ते इथे लिहा.