'लॉग'च्या इमारतीला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या 'ओल्ड फेथफुल इन' या हॉटेलवर लेख लिहिते आहे. रॉबर्ट रीमर यांनी आराखडा केलेली ही इमारत १९०४ मध्ये उघडली. इंग्रजीत तिला 'लॉग'ची, म्हणजे झाडाच्या अख्ख्या खोडांची इमारत म्हणतात. मी 'लाकडी इमारत' लिहिले, पण आमच्या वाड्यातही लाकूड भरपूर होते. फरक कसा कळावा? तिच्या शैलीला इंग्रजीत 'रस्टिक' म्हणतात, त्या शब्दापाशीही अडले आहे.

– 'ओंडक्यांची इमारत' लिहा.

– ओंडका म्हटले की मला वखारीत पडलेले आखूड, जाड लाकूड दिसते. या इमारतीला वापरलेली तिथली लॉजपोल पाइनची झाडे सडपातळ आणि सरळसोट वाढतात. तिथल्या आदिवासी जमाती त्याच खोडांवर तंबू उभारत, त्यावरून झाडाला 'लॉजपोल' (तंबूचा खांब) नाव पडले. मग 'वासा' का नको?

– वासा छपराचा. आपल्याकडे लाकडाला नाव मिळते ते त्याच्या कामावरून: उभा तो खांब, त्यावर आडवी ती तुळई, तिच्यावर कड्या, छपराला वासे. खोडावर खोड आडवे रचून भिंत उभी करणे ही आपली रीतच नाही. ते काम माती, वीट, कोकणात जांभा करतो. रीत नाही म्हणून शब्द नाही. माझे मत 'ओंडक्यांच्या भिंतींची इमारत'. शब्द लांबला तरी चालेल, चित्र चुकू नये. तेही जपून वापरा, कारण तिथे ओंडक्यांच्या भिंती तळमजल्यालाच आहेत. वरच्या मजल्यांना लाकडी सांगाडा, त्यावर खवल्यांसारखी ठोकलेली फळकुटे.

– 'रस्टिक'ला 'ग्रामीण' मात्र करू नका, खेड्याशी त्याचा संबंध नाही. 'ओबडधोबड'ही नको, त्यात कारागिराचा हात कच्चा असल्याचा भास होतो. रीमर यांनी वाकड्या, गाठाळ फांद्या मुद्दाम निवडून कठड्यांना आणि टेकूंना लावल्या. आत सुमारे ५०० टन ज्वालामुखी दगडाची चूल-धुराडी आहे. न घडवलेल्या दगडाला आपण 'अनघड' म्हणतो, तोच शब्द फांद्यांनाही शोभेल. एकूण शैलीला 'रांगडी'. मला हा शब्द फार आवडतो, त्यात ताकद आहे आणि हिणवणे नाही.

– मग असे लिहिते: 'रांगड्या शैलीतली ही इमारत, तळमजल्याच्या भिंती ओंडक्यांच्या, कठडे अनघड फांद्यांचे.'

– 'आडव्या ओंडक्यांच्या' करा. नाहीतर आपला वाचक ते खांबांसारखे उभे समजेल.